विद्यापीठाचे बिनतारी जाळे आणि विद्यार्थ्याच्या हातातील यंत्र



नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले म्हणजे विद्यापीठाच्या आवारात गर्दीची ठिकाणे ठरलेली असतात. शुल्क भरण्याची खिडकी, वसतिगृहाचे कार्यालय, ग्रंथालयाच्या ओळखपत्रांचे टेबल. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका रांगेची भर पडली आहे. संगणक विभागाच्या दारात, हातात मोबाईल धरून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची ही रांग असते आणि तिच्यातील बहुतेकांची तक्रार एकच असते : 'वायफाय लागत नाही.'

वरवर पाहता ही तक्रार किरकोळ वाटते. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज आज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, परीक्षेचे अर्ज व निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहावे लागतात, आणि केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावरील व्याख्याने ऐकावयाची तर तासन् तास जोडणी लागते. ज्याच्या घरी पक्की जोडणी आहे, ज्याच्याजवळ लॅपटॉप आहे, त्याचे विद्यापीठाच्या वायफायवाचून फारसे अडत नाही. अडते ते आडगावाहून आलेल्या मुलाचे व मुलीचे. एकच मोबाईल, त्यात भरलेला मोजका डेटा, आणि तो संपला की महिनाअखेरीपर्यंत थांबणे, ही ज्यांची स्थिती आहे त्यांच्यासाठी विद्यापीठाचे बिनतारी जाळे हे ग्रंथालयाइतकेच हक्काचे साधन होय. म्हणूनच या जाळ्याला स्वतःचे यंत्र कसे जोडावे, ते जोडताना कोणती दक्षता घ्यावी आणि ही दक्षता शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

बिनतारी जाळ्याचा जन्मच मुळी एका विद्यापीठात झाला. हवाई बेटांवरील विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या होत्या आणि मोठा संगणक मात्र ओआहू बेटावर होता. मध्ये समुद्र. दूरध्वनीच्या तारांवर विसंबून राहणे गैरसोयीचे, म्हणून प्राध्यापक नॉर्मन एब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ लहरींवरून संगणकाचे संदेश पाठविण्याची व्यवस्था उभारली. 'अलोहानेट' या नावाचे हे जाळे जून १९७१ मध्ये सुरू झाले. त्यातील मूळ युक्ती मोठी गमतीची होती. ग्रामसभेत अध्यक्षाच्या परवानगीने एकेकाने बोलावयाचे असते. येथे अध्यक्षच नव्हता. ज्याला बोलावयाचे असेल त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले आणि संदेश एकमेकांत मिसळून बिघडले, तर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. गणिताने असे दिसून आले, की या मोकळ्या पद्धतीत वाहिनीच्या एकूण क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच भाग उपयोगी पडतो. बाकीची शक्ती टकरींत आणि रिकाम्या वेळात जाते.

आजच्या वायफायने यात सुधारणा केली आहे. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते आणि हवा मोकळी असेल तरच बोलते. तथापि मूळ मर्यादा सुटलेली नाही. एका अॅक्सेस पॉइंटच्या छायेत एका वाहिनीवर एका वेळी सामान्यतः एकच यंत्र बोलू शकते. शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग असेल आणि प्रत्येकाचा मोबाईल जोडलेला असेल, तर ते शंभर मोबाईल एकाच अरुंद पुलावरून जाण्यासाठी थांबलेल्या बैलगाड्यांप्रमाणे असतात. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच : पहिली, सहावी व अकरावी. वसतिगृहात विद्यार्थी स्वतःचा हॉटस्पॉट अखंड चालू ठेवतात, तेव्हा ते याच तीन वाहिन्यांत गर्दी करीत असतात आणि 'वायफाय मंद आहे' अशी तक्रारही तेच करतात.

दुसरी एक गोष्ट अभियंत्यांना ठाऊक असते, पण प्राचार्यांना बहुधा नसते. या पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि पाणी त्या लहरी शोषून घेते. मनुष्याच्या शरीरात पाण्याचाच अंश अधिक. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत रिकाम्या सभागृहात तपासलेले जाळे जुलैमध्ये भरलेल्या सभागृहात कमी पडते. ठेकेदाराचा तपासणी अहवाल खोटा नसतो. तो फक्त रिकाम्या खुर्च्यांचा असतो. जुन्या दगडी इमारतींत तर जाड भिंतींपलीकडे लहर पोचतच नाही, आणि एका खोलीत उत्तम चालणारी जोडणी शेजारच्या खोलीत मिळेनाशी होते. अशा वेळी विद्यार्थ्याच्या मोबाईलला दोष देण्यात अर्थ नाही.

बिनतारी जाळ्याचे पहिले सर्वमान्य तांत्रिक मानक १९९७ मध्ये ठरले आणि त्याचा वेग सेकंदाला २० लक्ष बिट इतका होता. 'वायफाय' हे नाव १९९९ मधले. आपल्या देशात एके काळी घरी रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. लहरींवरील तो कडक पहारा हळूहळू सैल झाला. २००५ च्या जानेवारीत केंद्र शासनाने २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला आणि २०१८ मध्ये ५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग खुला झाला. या निर्णयांमुळेच महाविद्यालयांच्या आवारात अॅक्सेस पॉइंट बसविणे सोपे झाले.

परंतु लहरी मुक्त झाल्या म्हणून जाळेही सर्वांना मुक्त असावे काय? अनेक विद्यार्थी, आणि काही अध्यापकही, विचारतात की एकच सामायिक पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला म्हणजे काम भागणार नाही का. नाव नोंदवा, क्रमांक द्या, यंत्राची मर्यादा पाळा, हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर २००८ च्या घटनांत सापडते. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याची जबाबदारी घेणारा ई-मेल स्फोटांच्या सुमारास वृत्तसंस्थांना पोचला आणि तपासात असे निष्पन्न झाले, की तो नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफाय जोडणीवरून पाठविण्यात आला होता. त्या घरातील माणसाचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. त्यानंतरच्या तशाच एका ई-मेलसाठी मुंबईतील एका महाविद्यालयाचे वायफाय वापरले गेल्याचे उघडकीस आले. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाने दुसऱ्याच्या जाळ्याचा असा उपयोग करावा आणि पोलिसांनी भलत्याच दारावर येऊन थाप द्यावी, हा प्रकार महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिलेला आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापरासंबंधी सूचना काढल्या त्या याच पार्श्वभूमीवर. प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख आणि कोणी केव्हा जोडणी घेतली याची नोंद, ही त्यामागील दृष्टी होती.

सामायिक पासवर्ड फळ्यावर लिहिला की तो दोन दिवसांत चहाच्या टपरीपर्यंत पोचतो. मग कोणाच्या हातून काय घडले हे सांगता येत नाही आणि संशय मात्र सर्वांवर येतो. प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड देण्याची पद्धत संस्थेच्या सोयीची आहेच, पण निरपराध विद्यार्थ्याचे रक्षणही तिच्यातच आहे. हे त्याला सांगितले जात नाही, म्हणून त्याला ती जाचक वाटते.

आता ही स्वतंत्र ओळख पटविण्याची क्रिया कशी घडते ते पाहू. तिच्यात तीन पक्ष असतात : विद्यार्थ्याचे यंत्र, भिंतीवरील अॅक्सेस पॉइंट आणि विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील ओळख पटविणारा सर्व्हर. अॅक्सेस पॉइंट हा येथे केवळ दरवान आहे. तो पासवर्ड स्वतः तपासत नाही. यंत्राने सांगितलेले तो आतल्या सर्व्हरकडे पोचवितो आणि तेथून होकार येईपर्यंत दार उघडत नाही. होकार आल्यावर त्या एका यंत्रापुरती निराळी गुप्त किल्ली तयार होते आणि पुढचे सारे संभाषण त्या किल्लीने बंद केले जाते. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याचे यंत्र त्याच जाळ्यावर असले, तरी त्याला हे संभाषण वाचता येत नाही. सुरुवातीच्या मानकातील कुलूप कच्चे असल्याचे २००१ मध्ये संशोधकांनी सिद्ध केले होते. २००४ पासून वापरात आलेली पद्धत त्या मानाने पुष्कळ भक्कम आहे.

मात्र या भक्कम पद्धतीतही एक दार विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात असते, आणि नेमके तेच बहुतेकदा उघडे राहते.

एसटीच्या गाडीत प्रवासी पैसे देतो ते कोणाला? खाकी कपडे घातलेल्या कोणालाही नव्हे. बिल्ला लावलेल्या आणि तिकीट देणाऱ्या वाहकालाच. स्थानकावर एखादा भामटा खाकी सदरा घालून 'तिकीट माझ्याकडून घ्या' म्हणू लागला, तर शहाणा प्रवासी आधी त्याच्या छातीवरचा बिल्ला पाहील. वायफायच्या बाबतीत जाळ्याचे नाव म्हणजे केवळ खाकी सदरा होय. ते नाव कोणालाही घेता येते. बाजारात मिळणारा स्वस्त राउटर घेऊन, त्याला विद्यापीठाच्या जाळ्याचेच नाव देऊन, कोणीही तो फाटकाबाहेरच्या खोलीत ठेवू शकतो. मोबाईलला दोन्ही नावे सारखीच दिसतात आणि ज्याचा आवाज जवळून येतो त्याच्याकडे तो वळतो. खऱ्या सर्व्हरजवळ जो बिल्ला असतो त्याला प्रमाणपत्र म्हणतात. 'हा सर्व्हर अमुक संस्थेचाच आहे' असे विश्वासार्ह तिसऱ्या पक्षाने त्यावर सही करून सांगितलेले असते. भामट्याजवळ ते नसते.

पण बिल्ला पाहावयाचाच नाही असे प्रवाशाने ठरविले तर? दुर्दैवाने अनेक वर्षे पुष्कळ संस्थांच्या सूचनापत्रकांतच असा सल्ला छापलेला असे : जोडणी करताना प्रमाणपत्राच्या रकान्यात 'तपासू नये' हा पर्याय निवडा. कारण साधे होते. त्यामुळे रांग लवकर संपत असे. त्याची किंमत विद्यार्थ्याला ठाऊक नव्हती. जाळ्याचा पासवर्ड आणि विद्यापीठाच्या ई-मेलचा, निकालाचा, शुल्काच्या खात्याचा पासवर्ड बहुधा एकच असतो. खोट्या राउटरने ओळख पटविण्याचा संवाद एकदा पकडला, की ज्या पद्धतीने पासवर्ड पाठविला जातो तिच्यातील एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचे कुलूप दिवसभरात उघडता येते, हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवून देण्यात आले आहे. मग त्या विद्यार्थ्याच्या नावाने कोणी काय पाठविले, कोणता अर्ज मागे घेतला, हे त्याला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आणि नोंदवहीत नाव त्याचेच असते.

डिसेंबर २०२० च्या सुमारास अँड्रॉइड प्रणालीच्या नव्या आवृत्तीतून 'तपासू नये' हा पर्यायच काढून टाकण्यास सुरुवात झाली. नवा मोबाईल घेतलेल्या विद्यार्थ्यांची जोडणी त्यामुळे अडली आणि पुष्कळ संगणक विभागांत चरफड झाली. पण मोबाईलची भूमिका रास्त होती. बदलावयास हवे होते ते सूचनापत्रक.

तेव्हा जोडणीच्या वेळी लक्ष द्यावयाच्या बाबी अशा. नावाच्या रकान्यात केवळ हजेरी क्रमांक लिहून भागत नाही. बहुतेक ठिकाणी पूर्ण नाव, म्हणजे पुढे संस्थेचे डोमेन जोडून, लिहावे लागते. प्रमाणपत्राच्या रकान्यात यंत्रातील प्रमाणपत्रे वापरण्याचा पर्याय निवडावा आणि त्याखालच्या डोमेनच्या जागी संस्थेने कळविलेले सर्व्हरचे नाव अचूक भरावे. येथे एक अक्षर चुकले तरी दार उघडत नाही, आणि ते तसेच असावयास हवे. संस्थेने जोडणीसाठी स्वतःचे अॅप किंवा तयार फाईल दिली असेल तर हे सर्व रकाने आपोआप भरले जातात. जेथे ही सोय आहे तेथे हाताने काही भरूच नये.

अडचणींची कारणे मात्र कधी कधी अगदी साधी निघतात. प्रमाणपत्राला मुदत असते, आणि मोबाईलचे घड्याळ चुकीचे असेल, बॅटरी पूर्ण उतरल्यावर तारीख मागे गेली असेल, तर खरे प्रमाणपत्रही त्याला मुदतीबाहेरचे वाटते. तारीख दुरुस्त केली की जोडणी होते. दुसरे, विद्यार्थी पासवर्ड बदलतो, पण मोबाईल जुना पासवर्ड लक्षात ठेवून दर काही मिनिटांनी दारावर थाप मारीत राहतो. चुकीच्या प्रयत्नांची संख्या वाढली की काही संस्थांत खाते कुलूपबंद होते. विद्यार्थी लॅपटॉपवर अचूक पासवर्ड लिहीत असतो आणि दोष खिशातल्या मोबाईलचा असतो. यावर उपाय म्हणजे पासवर्ड बदलताच सर्व यंत्रांवरून ते जाळे विसरावयास लावून नव्याने जोडणे. तिसरे कारण अलीकडचे आहे. खाजगीपणा जपण्यासाठी २०१९-२० पासूनचे मोबाईल स्वतःचा खरा यांत्रिक पत्ता न सांगता बनावट पत्ता सांगतात. ज्या संस्थेत विद्यार्थ्याला दोनच यंत्रे नोंदविण्याची मुभा आहे तेथे एकच मोबाईल कधी कधी तिसरे यंत्र ठरतो. अशा ठिकाणी केवळ त्या जाळ्यापुरती ही सोय बंद करावी. इतरत्र, विशेषतः बाजारपेठेत व रेल्वे स्थानकावर, ती चालूच असलेली बरी.

काही संस्थांत अद्याप निराळी पद्धत आहे. जाळे उघडे असते, आणि जोडल्यावर एक पान उघडून त्यात नाव व पासवर्ड मागितला जातो. पाहुण्यांसाठी, एका दिवसाच्या चर्चासत्रासाठी ही पद्धत सोयीची आहे. पण या पद्धतीत हवेतील संभाषणाला स्वतःचे कुलूप नसते, हे ध्यानात ठेवून तेथे पैशाचे व्यवहार टाळलेले बरे.

नोंदी ठेवल्या जातात म्हणजे विद्यापीठ सर्व काही वाचते, असाही एक समज विद्यार्थ्यांत, विशेषतः वसतिगृहातील मुलींत, आढळतो. तो पुरता खरा नाही आणि पुरता खोटाही नाही. कोणत्या संकेतस्थळाशी संपर्क झाला हे जाळ्याच्या चालकास साधारणतः दिसू शकते. आजच्या बहुतेक संकेतस्थळांवरील मजकूर कूटबद्ध असल्यामुळे तेथे काय लिहिले वा वाचले ते दिसत नाही. या नोंदी किती दिवस ठेवावयाच्या, कोणी पाहावयाच्या आणि कोणाच्या लेखी आदेशाने, हे संस्थेने ठरवून विद्यार्थ्यांना कळविले पाहिजे. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. त्यामुळे ही बाब आता केवळ सौजन्याची राहिलेली नाही.

विद्यापीठीय जाळ्यांच्या इतिहासातील एका सहकारी प्रयोगाचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. २००२ मध्ये नेदरलँड्समधील क्लास विरेंगा यांनी अशी कल्पना मांडली, की एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात पाहुणा म्हणून गेला तर त्याला तेथे नवा पासवर्ड मागावा लागू नये. पुढील वर्षी नेदरलँड्स, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया व ब्रिटन येथील संस्थांत त्याची चाचणी झाली आणि त्यातून 'एज्युरोम' ही व्यवस्था उभी राहिली. आज ती शंभराहून अधिक देशांत आहे. तिची रचना आपल्याकडील टपाल व्यवस्थेसारखी आहे. पाहुण्या विद्यार्थ्याच्या नावापुढील डोमेन हा त्याचा पत्ता. यजमान विद्यापीठ त्याचा पासवर्ड पाहतही नाही. ते बंद पाकीट देशाच्या मध्यवर्ती सर्व्हरमार्गे त्याच्या मूळ संस्थेकडे जाते, तेथे उघडले जाते आणि केवळ 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर परत येते. अर्थात पाकीट बंद राहावयाचे तर मूळ संस्थेचा बिल्ला तपासलाच पाहिजे. वर सांगितलेली दक्षता येथे दुप्पट महत्त्वाची.

भारतात या व्यवस्थेचे काम 'अर्नेट' ही संस्था पाहते. अर्नेटचा प्रारंभ १९८६ चा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्या आठ संस्थांत तो झाला, त्यांत मुंबईतील दोन होत्या : राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था. सर्वसामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विद्यापीठीय जगाने त्याच्या कित्येक वर्षे आधी ही वाट मळली होती. असे असूनही एखादा प्राध्यापक परदेशी परिषदेला जातो, तेथे प्रत्येक इमारतीत एज्युरोमचे नाव पाहतो आणि आपल्या संस्थेने त्यात नाव नोंदविलेले नाही म्हणून दारातच थांबतो, असे घडते. त्याच्या शेजारी उभा असलेला दुसऱ्या देशाचा विद्यार्थी मात्र खिशातून मोबाईलही न काढता जोडला गेलेला असतो.

पंचायत सदस्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. भारतनेट योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे काम हाती घेतले आणि जेथे जोडणी पोचली व चालू आहे तेथे पंचायत कार्यालयाच्या वायफायखाली गावातील मुले संध्याकाळी जमतात. तेथेही प्रश्न तेच : पासवर्ड कोणाकोणाला, नोंद कोणाकडे, आणि त्या नावाचे दुसरे जाळे कोणी उभे केले तर ओळखावे कसे. ज्या गावातील मुलगा विद्यापीठात बिल्ला पाहावयास शिकून येतो, त्याला सुट्टीत ग्रामसेवकाने चार शब्द विचारावेत.

विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांकडून अपेक्षा तशा फार खर्चाच्या नाहीत. जोडणीच्या सूचना मराठीत, चित्रांसह, प्रवेशपत्राबरोबरच द्याव्यात. कारण ज्याला जोडणीच मिळालेली नाही त्याला त्या संकेतस्थळावर वाचावयास सांगणे हा विनोद आहे, आणि तो आजही पुष्कळ ठिकाणी चालतो. त्या सूचनांत सर्व्हरचे नेमके नाव ठळक छापावे. पहिले पंधरा दिवस मदतीचे टेबल संगणक विभागाच्या दारात न ठेवता वसतिगृहात, सायंकाळी ठेवावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे काम आनंदाने केल्याचा अनेकांचा अनुभव आहे. मुद्रक, दूरचित्रवाणी संच यांसारख्या ज्या यंत्रांना नाव-पासवर्डाची ही भाषा येत नाही त्यांची वेगळी नोंद करावी. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते हे कोणा एका कर्मचाऱ्याच्या स्मरणावर सोडू नये; ती ऐन परीक्षेच्या आठवड्यात संपली, तर सर्व आवार एका क्षणी बाहेर फेकले जाते.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक सूचना वेळेवर मिळावयास हवी. शिक्षण संपले की काही काळाने खाते बंद होते, आणि त्याबरोबर विद्यापीठाच्या ई-मेलवर आलेली पत्रे, प्रमाणपत्रांच्या प्रती, नोकरीच्या अर्जांची उत्तरे हाताबाहेर जातात. ती आधीच उतरवून घ्यावीत, अर्जांवर स्वतःचा खाजगी पत्ता द्यावा, आणि जुना मोबाईल विकण्यापूर्वी त्यातून विद्यापीठाचे जाळे व त्याचा पासवर्ड काढून टाकावा. विकत घेणाऱ्याच्या हाती मोबाईलबरोबर आपले नाव जाता कामा नये.